कॉकटेल शेकर: साध्या डब्याची भलतीच मोठी गोष्ट

होम बारचा कुठलाही सेट उघडा, सगळ्यात आधी नजर जाते ती स्टीलच्या त्या तीन तुकड्यांच्या भांड्यावर. खाली उंच पेला, त्यावर जाळी असलेलं झाकण आणि सगळ्यात वर छोटीशी टोपी. बघून वाटतं यात काय इतिहास असणार, डबा आणि झाकण! पण एवढा सोपा डबा सुचायला जवळपास पाऊणशे वर्षं गेली आणि मधल्या काळात लोकांनी त्याला दांडे काय, चाकं काय, नाही नाही ते लावून बघितलं.

मुळात सुरुवातीला शेकरची गरजच नव्हती. १८०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका पेपरने कॉकटेल म्हणजे काय ते छापलं होतं, त्यात दारू, साखर, पाणी आणि बिटर्स (जडीबुटींचा कडवट अर्क) एवढंच होतं, बर्फाचं नावही नाही. आणि हे सगळं मिसळायला चमचा पुरतो. गंमत म्हणजे त्याच वर्षी बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने थंडीत गोठलेल्या तळ्यातला बर्फ जहाजात भरून मार्टिनिक बेटावर विकायला नेला. लोक हसले, त्याचं नुकसान झालं, पुढे तर कर्जापायी तो तुरुंगातही गेला, पण गडी हटला नाही. नंतर घोडा जुंपून तळ्यावरचा बर्फ चौकोनी कापायचं यंत्र नथॅनियल वायेथने बनवलं आणि बर्फ इतका स्वस्त झाला की तो बारमध्ये रोजचा झाला. खरी भानगड इथून सुरू होते, कारण बर्फ, लिंबाचा रस, अंडं असलं काही ग्लासात आलं की चमच्याने भागत नाही.

मग काय करायचे, तर गरम दूध गार करताना या भांड्यातून त्या भांड्यात ओततो ना, तसं दोन ग्लासांत खालीवर ओतायचे. हात लांब करून, धार उंच ठेवून, बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवाव्यात अशा थाटात. जेरी थॉमस नावाचा बारटेंडर तर पेटती व्हिस्की अशी ओतायचा, त्याच्या १८६२ च्या पुस्तकात तो प्रकार आहे. पण धार सांडते, वेळ जातो आणि गर्दीच्या वेळी हे नखरे परवडत नाहीत. कोणीतरी ग्लासावर पत्र्याचा पेला उलटा दाबून बसवला आणि सरळ हलवायला लागला. दोन तुकडे, बास. आजचा बॉस्टन शेकर म्हणजे हेच.

आता इतकं सोपं उत्तर मिळाल्यावर माणूस गप्प बसेल तर शपथ. १८७२ मध्ये ब्रुकलिनच्या विल्यम हार्नेटने पेटंट घेतलं, त्यात झाकण लावलेले सहा पेले एका दांड्यावर बसवायचे आणि दांडा वरखाली केला की सहा ड्रिंक एकदम तयार. सोडा फाउंटन म्हणजे सोडा-सरबतांच्या दुकानात काउंटरवर मिल्कशेकसाठी हाताने फिरवायची ओतीव लोखंडाची यंत्रंही आली, चाक फिरवलं की ग्लास खडखड हलायचा. डोकं भारी होतं, पण बारमध्ये गिऱ्हाईक एकाच वेळी सहा सारखी ड्रिंक्स थोडीच मागतंय, आणि प्रत्येक वेळी ते यंत्र धुवायचं कोणी!

शिवाय हाताने हलवण्यात जे होतं ते मुळातच इतकं झटपट होतं की यंत्राला फारसं काही करायला उरतच नाही. दहा-पंधरा सेकंद जोरात हलवलं की ड्रिंक शून्य अंशाच्याही खाली जातं, कारण अल्कोहोल असल्याने ते गोठत नाही. त्यात वितळणारा बर्फच पाणी घालून ड्रिंक नरम करतो. त्यानंतर कितीही हलवा, थंडावा फारसा वाढत नाही. अपवाद म्हणजे फेसाची ड्रिंक्स. न्यू ऑर्लिन्सला हेन्री रामोसने १८८८ च्या सुमारास जो जिन फिझ काढला त्यात अंड्यातला पांढरा भाग आणि क्रीम असायचं, ते फेसाळेपर्यंत हलवायला त्याने पोरांची रांगच उभी केली होती. एकाचा हात दुखला की शेकर पुढच्याकडे!

तर घरातला तीन तुकड्यांचा शेकर आला १८८४ मध्ये, तोही ब्रुकलिनमधूनच. एडवर्ड हाउकने झाकणातच गाळणी बसवली. वेगळी गाळणी धरायचं कौशल्य लागत नाही, नवख्याच्या हातूनही सांडत नाही. माझ्या मते घरगुती शेकरचा जन्म इथे झाला, फक्त घरच्यांना अजून तो हवा कुठे होता!

ते काम केलं दारूबंदीने. जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ अमेरिकेत दारू बनवणं, विकणं, नेणं बंद होतं, पण घरात आधीची असलेली पिणं बंद नव्हतं. बार बंद झाले आणि पार्टी दिवाणखान्यात आली. चोरून मिळणारी जिन इतकी भिकार असायची की चव मारायला रस, मध, क्रीम असलं काहीतरी घालावंच लागायचं, आणि ते घातलं की हलवणं आलंच.

मग शेकर शोभेची वस्तू झाला. जर्मनीत झेपेलिनच्या, म्हणजे फुग्यासारख्या लांबट हवाई जहाजाच्या आकाराचे निघाले, आत पेले, फनेल सगळं एकात एक बसवलेलं. बंदी उठल्यावर क्रोमियमच्या मुलाम्यामुळे चांदीसारखी चमक स्वस्तात मिळायला लागली, १९३३ चा चेस कंपनीचा गेयटी शेकर, काळ्या पट्ट्यांचा, त्यातलाच. नेपियर कंपनीने १९३६ मध्ये पेंग्विन काढला, चोचीतून ओतायचा. त्यांचाच आणखी एक होता, बाहेरचं कवच फिरवलं की खिडकीत रेसिपी दिसायची. मला सगळ्यात हुशारीचा हाच वाटतो, पेंग्विन आपला कपाटात ठेवायला बरा.

पुढे महायुद्धात धातू तिकडे वळला. १९३७ मध्ये विजेवरचा वेअरिंग ब्लेंडर बाजारात आला होताच, युद्धानंतर घरोघरी तोच घुरघुरायला लागला. शेकर परत डोकं वर काढायला १९८०-९० चं दशक उजाडलं, न्यूयॉर्कच्या रेनबो रूम या रेस्टॉरंटमध्ये बारटेंडर डेल डीग्रॉफने ताजे रस आणि जुन्या पद्धती परत आणल्या तेव्हा.

आज बारटेंडर बहुतेक दोन टिनचा शेकर आणि वेगळी स्प्रिंगची गाळणी वापरतात. तीन तुकडेवाल्याची टोपी हलवल्यावर घट्ट बसते, कारण आतली हवा थंड होऊन दाब कमी होतो आणि झाकण आत ओढलं जातं. बारमध्ये तिच्याशी झटापट करायला वेळ नसतो. घरी एकदोन ग्लासच करायचे असतात, तिथे टोपी अडकली तर झाकणावर कोमट पाणी सोडा, निघते.