खडकांकडून शिकलेला चित्रकार

दक्षिण आफ्रिकेतला चित्रकार वॉल्टर बॅटिस याची प्रौढ वयातली काही तैलचित्रं अगदी जवळून पाहिली की त्यातल्या रेघा कुंचल्याने ओढलेल्या नाहीत, हे लक्षात येतं. आधी एका रंगाचा थर. त्यावर चपट्या सुरीनं पसरलेला दुसऱ्या रंगाचा जाड थर. आणि तो ओला असतानाच टोकदार वस्तूनं खरवडून काढलेली माणसं, हरणं, पक्षी, चिन्हं. वरचा रंग निघाला तिथून खालचा रंग बाहेर येतो आणि तीच रेघ होते. युरोपातले भिंतीवर काम करणारे कारागीर या पद्धतीला स्ग्राफितो म्हणत आणि ती शतकानुशतकं वापरत होते. बॅटिसनं मात्र तिचा उपयोग केला तो लहानपणापासून डोळ्यात भरलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या खडकांच्या ओढीनं, असं मला त्याची चित्रं पाहताना वाटतं.

बॅटिसचा जन्म १९०६ सालचा, दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागातल्या सॉमरसेट ईस्ट या गावातला. १९१७ मध्ये कुटुंब कॉफीफॉन्टेनला राहायला गेलं. हे रीट नदीच्या काठचं, हिऱ्याच्या खाणीचं गाव. आसपासच्या माळावर काळसर दगड पसरलेले आणि त्यांतल्या काहींवर सान लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळच्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या माणसांनी, कोरलेले प्राणी. विल्यम फाउलर नावाच्या परिचितानं या शाळकरी मुलाला पुरातत्त्वाची आणि या कोरीव चित्रांची गोडी लावली, आणि ती आयुष्यभर सुटली नाही. पुढे बॅटिस कोर्टात कारकून झाला, मग चित्रकला शिक्षक झाला, पस्तिशीत कलाशाखेची पदवी घेतली, प्रिटोरियातल्या मुलांच्या शाळेत त्यानं सुमारे तीस वर्षं शिकवलं. सुट्टी मिळाली की डोंगरात जायचं आणि शैलचित्रांच्या प्रतिकृती करायच्या, हा त्याचा खरा अभ्यासक्रम. १९३९ आणि १९४८ मध्ये त्यानं या चित्रांवर पुस्तकं प्रसिद्ध केली.

त्या माळावरचे दगड बहुतेक डोलेराइटचे. हा अग्निजन्य खडक आतून करडा असतो. हजारो वर्षं ऊनपाऊस खाऊन त्याच्या पृष्ठभागातल्या लोहाचं ऑक्सिडीकरण होतं आणि वर गडद तपकिरी, जवळजवळ काळी साय धरते. कठीण दगडानं ती टोचून, घासून किंवा ओरखडून काढली की आतला फिकट खडक उघडा पडतो. म्हणजे इथे रंग लावायचाच नसतो, असलेला काढायचा असतो. बॅटिसच्या कॅनव्हासवर हेच घडतं. उघड्या पडलेल्या भागावर काळानं पुन्हा साय चढू लागते. त्यामुळे जुनी कोरीव चित्रं गडद आणि नवी फिकट दिसतात, आणि कोणतं आधीचं याचा ढोबळ अंदाज बांधता येतो. ढोबळच, कारण साय चढण्याचा वेग दगडाप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलतो. याच रीट नदीवर पुढे ड्रीकॉप्सआयलंड नावाची जागा आहे. तिथे नदीच्या पात्रातल्याच, प्राचीन हिमनदीनं घासून गुळगुळीत केलेल्या खडकावर साडेतीन हजारांहून जास्त आकृत्या कोरलेल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक भौमितिक: जाळ्या, वर्तुळं, किरण फुटलेले गोल. नदीला पूर आला की त्या पाण्याखाली जातात.

रंगवलेली चित्रं मुख्यतः डोंगरातल्या शिलाश्रयांमध्ये सापडतात, विशेषतः ड्राकेन्सबर्ग आणि लेसोथोच्या मालोटी पर्वतरांगांत. त्यांची रंगपेटी छोटी होती. लाल, तांबूस, पिवळा, पांढरा, काळा. निळा आणि हिरवा जवळपास नाहीतच, कारण उघड्यावर टिकतील असे ते रंग देणारी खनिजं सहज हाती लागत नाहीत. लोह मात्र सगळीकडे आहे. गेरूतला लाल रंग हेमॅटाइट या लोहखनिजाचा, पिवळा गोएथाइटचा. गोएथाइटच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं. तो सुमारे अडीचशे ते तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापवला की ते निघून जातं आणि पिवळ्या मातीची लाल होते. हे रसायनशास्त्र माणसाला फार आधीपासून हाताला ठाऊक होतं. दक्षिण आफ्रिकेच्याच किनाऱ्यावरच्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे एक लाख वर्षांपूर्वीची रंग बनवण्याची सामग्री सापडली आहे. अॅबलोनी या सागरी प्राण्याच्या मोठ्या शिंपल्यात गेरूची पूड, कोळसा आणि हाडांचा अंश एकत्र कालवलेला होता.

रंग प्रत्यक्षात कसा होत असे, याची एक साक्ष फार मोलाची आहे. १९३० मध्ये लेसोथोत मॅरियन हाउ या बाईंनी मापोटे नावाच्या वृद्धाला चित्र काढून दाखवायची विनंती केली. मापोटे फुथी टोळीच्या मोरोसी या प्रमुखाचा मुलगा. तरुणपणी तो आपल्या अर्ध्या सान असलेल्या भावांबरोबर गुहेत चित्रं काढायला शिकला होता. त्यानं लाल रंगासाठी बेसाल्टच्या उंच डोंगरातला, चकाकणारा एक खास गेरू मागितला. तो पौर्णिमेच्या रात्री, उघड्यावर, बाईच्या हातून, लालबुंद होईपर्यंत तापवायचा आणि मग दोन दगडांमध्ये बारीक वाटायचा. कालवायला रक्त हवं, तेही नुकत्याच मारलेल्या इलंड या मोठ्या हरणाचं, कारण रक्त साकळलं की रंगात मिसळत नाही आणि दगडात मुरत नाही. इलंड मिळणं शक्य नव्हतं, म्हणून बैलाच्या रक्तावर भागवलं. पांढऱ्यासाठी पांढरी माती आणि रुईच्या नात्यातल्या एका झाडाचा चीक. बोरूला पिसं बांधून केलेले कुंचले. हे सगळं जमल्यावर मापोटेनं पहिल्यांदा काढला तो इलंडच.

या हकिगतीत पौर्णिमा आणि बाई यांचा रसायनशास्त्राशी संबंध नाही, हे उघड आहे. पण त्या दोन अटी वगळून फक्त ‘तापमान आणि बंधक (रंग धरून ठेवणारा द्रव)’ एवढंच टिपून घेणारा संशोधक अर्धीच गोष्ट घेऊन घरी जाईल. रंग हा त्यांच्या लेखी नुसता रंग नव्हता.

इलंड म्हणजे आपल्या नीलगाईच्या दूरच्या नात्यातला, पण तिच्याहून बराच मोठा प्राणी. मोठ्या नराचं वजन नऊशे किलोपर्यंत जातं. ड्राकेन्सबर्गमधल्या चित्रांत तो पुन्हा पुन्हा येतो, आणि तोही सर्वांत मेहनतीनं रंगवलेला: पाठीवरच्या लालसर रंगातून पोटाच्या पांढऱ्यात हळूहळू विरघळत जाणाऱ्या छटा, मान वळवून मागे पाहणारा, कधी थेट समोरून दिसणारा. समोरून दिसणारा प्राणी काढणं किती अवघड असतं, हे चित्रकलेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा. काही चित्रांतल्या रेघा मिलिमीटरहून बारीक आहेत आणि त्या खरखरीत वालुकाश्मावर काढलेल्या आहेत.

बॅटिसला सर्वांत आधी दिसलं ते हे कसब. ही माणसं उत्तम चित्रकार होती, म्हणून त्यांच्या चित्रांकडे चित्रं म्हणून पाहा, हा त्याचा आग्रह होता. आज ही गोष्ट साधी वाटते, तेव्हा ती साधी नव्हती. ज्यांना तेव्हा बुशमन म्हणत, त्या सान लोकांना अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत वसाहतवाल्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी टिपून मारलं होतं, उरलेल्यांना मजूर केलं होतं. अशा लोकांना एवढी कला येईल हे मानायला विद्वानही तयार नव्हते. नामिबियातल्या ब्रँडबर्ग पर्वतात १९१८ मध्ये राइनहार्ड माक यांना सापडलेल्या एका चित्राचं उदाहरण घ्या. त्यातली कमरेखाली पांढरी असलेली आकृती पाहून आंरी ब्रॉय या फ्रेंच अभ्यासकानं ती भूमध्य समुद्राकडून आलेली गोरी स्त्री ठरवली. ‘व्हाइट लेडी’ हे नाव तिला कायमचं चिकटलं. ब्रॉय हे साधेसुधे गृहस्थ नव्हते, युरोपातल्या गुहाचित्रांच्या अभ्यासाचे ते अध्वर्यू. पुढच्या अभ्यासात ती आकृती बाई नाही, पुरुष आहे, हातात धनुष्य आहे आणि पांढरा रंग हा अंगाला फासलेला असावा, असं दिसून आलं. बॅटिस ब्रॉय यांना ओळखत होता, त्यांचा आदरही करत होता. पण खडकावरच्या चित्रांचं श्रेय त्यानं दूरदेशीच्या कुणा प्रवाशाला दिलं नाही.

त्यानं या चित्रांतून नेमकं काय घेतलं? प्राण्यांचे आकार तर अनेकांनी उचलले. बॅटिसनं चित्राची रचना उचलली. सान चित्रांत क्षितिज नसतं, पायाखाली जमिनीची रेघ नसते. मोठा इलंड आणि बोटाएवढी माणसं शेजारी शेजारी तरंगतात, एका चित्रावर दुसरं चित्र बेधडक येतं आणि खालचं पुसलं जात नाही. युरोपीय शिक्षणातून आलेल्या चित्रकाराला हे नियम सोडायला वेळ लागतो. बॅटिसच्या चित्रांत सपाट रंगभूमीवर आकृत्या विखुरतात, त्यांचं मिळून एक चिन्हांचं लिखाण होतं. त्यात प्रिटोरियाच्या आसपासच्या न्देबेले स्त्रियांच्या मणीकामाची आणि भिंतीवरल्या भौमितिक नक्षीचीही भर पडली. त्याचा समकालीन अॅलेक्सिस प्रेलर हाही न्देबेले रूपांकडे वळला होता, पण त्याची वाट गूढ, घोटीव, शिल्पासारख्या आकृत्यांची. १९४९ मध्ये बॅटिस पिकासोला भेटला. पॅरिसच्या चित्रकारांना आफ्रिका भेटली ती संग्रहालयाच्या कपाटातल्या मुखवट्यांतून, बॅटिसला ती पायाखालच्या दगडात भेटली. म्हणूनच त्याच्या रेघेत मला एक वेगळा निवांतपणा दिसतो. पुढे सत्तरच्या दशकात त्यानं नॉर्मन कॅथरीन या तरुण चित्रकाराबरोबर ‘फूक आयलंड’ नावाचं एक काल्पनिक बेट उभं केलं. नकाशा, चलन, टपाल तिकिटं, पासपोर्ट आणि स्वतंत्र लिपीसुद्धा. चिन्हांची ओढ तिथवर पोचली.

चित्रांचा अर्थ मात्र नुसत्या पाहण्यानं उलगडणारा नव्हता. त्याची किल्ली बॅटिसच्या जन्माआधीच लिहून ठेवलेली होती. १८७० पासून केपटाउनजवळ मोब्रे इथे भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्लीक आणि त्याची मेहुणी ल्यूसी लॉइड यांनी खाम भाषा बोलणाऱ्या सान माणसांकडून, शब्द न् शब्द उतरवून, बारा हजारांवर पानं भरली. सांगणाऱ्यांतले बरेच जण बंदरावरच्या तुरुंगातून आणलेले कैदी होते. काब्बो हा वृद्ध त्यांतला मोठा कथेकरी. १८७३ मध्ये जोसेफ ऑर्पेन या दंडाधिकाऱ्याला मालोटी डोंगरात क्विंग नावाच्या सान वाटाड्यानं चित्रं दाखवून त्यांचा अर्थ सांगितला. ऑर्पेनच्या नकला पाहून ब्लीकनं तेव्हाच लिहिलं होतं की या चित्रांमागे धार्मिक भावना आहे. खाम भाषा पुढे नामशेष झाली, आणि चित्रांचा अर्थ लावण्यासाठी ती पानं गांभीर्यानं उघडायला शंभर वर्षं लागली.

ते काम केलं जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातल्या डेव्हिड लुईस-विल्यम्स यांनी. ड्राकेन्सबर्गमधल्या गेम पास या शिलाश्रयात एक मरणारा इलंड आहे. मान खाली गेलेली, केस ताठ उभे, मागचे पाय एकमेकांत अडकलेले. विषारी बाण लागलेला इलंड असाच कोसळतो. त्याची शेपटी धरलेला एक माणूस आहे, त्याचेही पाय तसेच अडकलेले, आणि पावलांच्या जागी खूर. कलहारीत आजही रात्रभर चालणारं नृत्य होतं. बायका टाळ्या वाजवत गातात, पुरुष त्यांच्याभोवती फेर धरतात, आणि भान हरपलेला वैदू घामानं निथळतो, थरथरतो, कोसळतो. त्याला सान लोक मरणच म्हणतात. इलंडच्या मरणात जी शक्ती मोकळी होते, तीच वैदूला आजार बरे करण्यासाठी मिळते. या अर्थानं पाहिलं की खडकाच्या भेगेतून निम्मंच बाहेर आलेलं जनावरही समजू लागतं. खडक हा या आणि पलीकडच्या जगामधला पडदा, आणि चित्र त्या पडद्यावरचं. मग त्या रंगात इलंडचं रक्त का हवं, हेही उमगतं.

१९८८ मध्ये लुईस-विल्यम्स आणि थॉमस डॉसन यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. भान हरपण्याच्या सुरुवातीला माणसाला जाळ्या, ठिपके, नागमोडी रेषा दिसतात. त्या डोळ्यापासून मेंदूपर्यंतच्या दृष्टियंत्रणेतच तयार होतात, म्हणून जगभर सारख्या असतात. भौमितिक चित्रं त्यातूनच आली, असं त्यांचं म्हणणं. यावर बराच वाद झाला. प्रत्येक चित्र तंद्रीतलंच कसं, पुराणकथांचं, पावसाच्या विधींचं, मुलींच्या वयात येण्याच्या सोहळ्यांचं काय, हे आक्षेप मला योग्य वाटतात. इलंडबद्दलचं विवेचन पटतं, पण सगळ्या जाळ्या एकाच किल्लीनं उघडाव्यात हे पटत नाही.

वयाचा प्रश्न तर अगदी अलीकडे सुटू लागला. गेरूत कार्बन नाही, त्यामुळे लाल चित्राचं वय कार्बन-१४ पद्धतीनं काढता येत नाही. काळ्या रंगात कोळसा किंवा काजळी असेल तरच ते जमतं. अॅडेलफीन बोनो आणि सहकाऱ्यांनी आधी सूक्ष्म नमुन्यात कार्बन कोणत्या रूपात आहे ते तपासलं, खडकावर चढलेले कार्बनयुक्त क्षार वेगळे काढले आणि मगच वय मोजलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात आग्नेय बोट्स्वानातली काही चित्रं साडेचार ते साडेपाच हजार वर्षांपूर्वीची निघाली. बॅटिसनं ज्या चित्रांपुढे बसून नकला केल्या त्यांच्या बाबतीत त्याला असं काहीच हाताशी नव्हतं. आज पुसट झालेली चित्रं संगणकावर रंग ताणून पुन्हा पाहता येतात. पूर्वी लोक ती उठून दिसावीत म्हणून त्यांवर पाणी मारत, आणि वाळताना मागे राहिलेल्या क्षारांनी चित्रं आणखी झाकोळली.

बॅटिस १९८२ मध्ये गेला. मृत्यूच्या आदल्या वर्षी सॉमरसेट ईस्टमध्ये त्याच्या चित्रांचं संग्रहालय सुरू झालं होतं. २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेनं नवं राजचिन्ह स्वीकारलं, त्यातल्या दोन मानवाकृती लिंटन नावाच्या शेतावरून काढून आणलेल्या शैलचित्रावरून घेतल्या आहेत आणि ब्रीद खाम भाषेत आहे. ज्या भाषेचा आज एकही बोलणारा नाही, ती देशाच्या नाण्यांवर पोचली.

सान लोक मात्र आहेत, आणि त्यांच्यातले काही चित्रंही काढतात. बोट्स्वानातल्या डकार गावी १९९० मध्ये सुरू झालेल्या कुरू कला प्रकल्पात आयुष्यात कधी कुंचला न धरलेल्या, नारो या सान गटातल्या बायाबापड्यांनी रंग हाती घेतले. त्यांच्यातल्या एकीचं चित्र १९९७ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या विमानांच्या शेपटीवर झळकलं. या चित्रांत इलंड आहे, तसेच पक्षी, शेंगा, मुळं आणि मणीकामाचे आकारही आहेत, आणि निळ्या-हिरव्या रंगांची लयलूट आहे. खडकावरच्या चित्रांची नक्कल त्यांनी केलेली नाही. त्यांच्या चित्रांनाही चित्रं म्हणूनच पाहायला हवं, शैलचित्रांची शेपटी म्हणून नव्हे. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सान संघटनांनी त्यांच्यावर संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, आपुलकी आणि ठरलेली पद्धत पाळणं, एवढ्या मागण्या त्यात आहेत. काब्बोच्या गोष्टी लिहून घेतल्या गेल्या, त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी.