जुना वस्तरा हाती घेण्यापूर्वी

फोंड्याच्या आमच्या दुकानात येणारे बहुतेक जुने वस्तरे आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत सापडलेले असतात. ग्राहक पहिला प्रश्न विचारतात, "धार लागेल ना?" आम्ही आधी पात्याची पाठ बघतो. का, ते सांगण्यासाठी हे पत्रक.

धारेच्या समोरची जाड कड म्हणजे पाठ. दगडावर घासताना धार आणि पाठ दोन्ही एकदमच टेकवायची, की धारेचा कोन आपोआप बसतो. पाते १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर कोन साधारण १६ अंशांचा येतो. हाताच्या अंदाजावर काही सोडलेलेच नाही, माप पोलादात आहे. म्हणून कळकळीची विनंती: हा वस्तरा सुरी-कात्रीला धार लावणाऱ्या फिरत्या चाकावर देऊ नका. चाकावर कोन बिघडतो आणि पातळ धार तापून पोलादाचे पाणी उतरते. मागच्या पावसाळ्यात डिचोलीहून एक सुरेख वस्तरा आला होता. धारेलगत नखाएवढा निळसर डाग, चाकाच्या उष्णतेने पडलेला. तेवढी जागा पुन्हा कधीच धार धरणार नाही. फार वाईट वाटले.

आता पाते उजेडाकडे धरा. इंग्लंडमधल्या शेफील्डचे जुने वस्तरे बहुधा पाचरीसारखे भरीव असतात. ते जड, राठ दाढीवरही डगमगत नाहीत. जर्मनीतल्या झोलिंगेनचे बरेच वस्तरे दोन्ही अंगांनी पन्हळीसारखे कोरलेले असतात, धारेजवळ तर कागदासारखे पातळ. असे पाते गालावर फिरताना बारीक आवाज करते आणि केस कापला जातोय की नाही ते कानाला कळते. दगडावर घासायचे पोलादही थोडेच. इतके पातळ पाते पिळवटले जाऊ नये म्हणून काहींच्या मुठीकडच्या टोकाला एक जाड उंचवटा ठेवलेला असतो. तो घासून सपाट करायला सांगू नका.

पात्याचे टोक गोल असेल तर नवशिक्याला बरे, ते कातडीत रुतत नाही. चौकोनी टोक मिशीची कड रेखायला उत्तम, पण कानाजवळ जपून. मुठीजवळच्या दांडीवर खालून बारीक खाचा दिसतील. साबणाने निसरडी झालेली बोटे त्यांच्यावर टिकतात. मागची वळलेली शेपटी करंगळी टेकवायला आणि वस्तरा उघडायला. आजच्या सलूनमधल्या अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यालाही ही शेपटी आहेच.

मुठीच्या दोन फळ्यांमध्ये, टोकाशी, एक छोटी पाचर बसवलेली असते. तिच्यामुळे फळ्या एकमेकींपासून दूर राहतात आणि मिटताना धार मधोमध उतरते, कशालाही लागत नाही. काही पाचरी शिशाच्या असतात, त्या तोलालाही उपयोगी पडतात. मूठ शिंगाची असेल तर वर्षातून एक-दोनदा तेलाचा हात द्या. कासवाच्या पाठीसारखी नक्षी दिसली तर मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकची, असू शकते. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि मिटलेल्या पात्यावर नेमका तेवढ्याच भागात गंज चढतो. असा वस्तरा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा आणि आम्हाला दाखवा. मूठ बदलता येते.

आपल्याकडची खारी हवा आणि जून ते सप्टेंबरची ओल या पोलादाला मुळीच मानवत नाही. दाढी झाल्यावर पाते आणि ते ज्यावर फिरते त्या खिळ्याजवळची फट कोरडी पुसा, थोडा वेळ उघडेच ठेवा, मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. खोबरेल नको, ते काही दिवसांनी चिकट होते. न्हाणीघरात ठेवू नका, चामड्याच्या म्यानातही नको, चामडे ओल धरते.

रोज दाढीपूर्वी चामड्याच्या पट्ट्यावर परजताना पाठ पुढे, धार मागे. शेवटाला पोचलात की पाते पाठीवरूनच उलटवा. धारेवरून उलटवले तर पट्टा कापला जाईल आणि धारही जाईल.

एक वस्तरा एकाच माणसाने वापरावा, घरातल्या घरातसुद्धा. धार उतरली असे वाटले तर तसाच घेऊन या. सँडपेपर लावू नका, पात्यावरची जुनी सोनेरी नक्षी एका हातात निघून जाते.