गोव्यातून शेजारच्या देशात: चलन कुठे बदलायचं, कुठे बदलायचंच नाही

डॉलर घ्यायचे की नाहीत, हे आधी देशावर ठरतं, दर नंतर. नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी परकीय चलन द्यायला फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) नियमांनी मनाईच आहे. पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या काउंटरवर काठमांडूचं तिकीट दाखवून डॉलर मागितले तर नकार मिळेल, आणि तो योग्यच आहे. या दोन देशांसाठी अर्ज नाही, फॉर्म नाही. श्रीलंकेसाठी मात्र सगळी प्रक्रिया लागते.

नेपाळ आणि भूतान: प्रश्न दराचा नाही, नोटांचा

नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाला जखडलेला आहे: आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. भूतानचा ङुल्ट्रम तर रुपयाच्या बरोबरीचा. म्हणजे चांगला दर शोधण्यासारखं काही उरत नाही; नुकसान होतं ते दुकानदाराने १६० च्या जागी १५० धरले तर. नेपाळमध्ये किंमत विचारताना ‘आयसी की एनसी?’ हे आधी स्पष्ट करा. आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी.

नोटांचा नियम नीट समजून घ्या. १०० रुपयांपर्यंतच्या नोटा या दोन्ही देशांत कितीही नेता येतात. त्याहून मोठ्या नोटा मिळून २५,००० रुपयांपर्यंतच. पण ही झाली भारताची परवानगी. समोरचा देश त्या स्वीकारतो का, हा वेगळा प्रश्न. नोटाबंदीत हात पोळलेल्या नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये १०० पेक्षा मोठ्या भारतीय नोटांना बंदी घातली होती. निघण्याआधी नेपाळ राष्ट्र बँकेची ताजी सूचना पाहा, आणि तरीही शंभराच्याच नोटा न्या. २५,००० रुपये म्हणजे शंभराच्या २५० नोटा, अडीच बंडलं. छोट्या शाखेत इतक्या नोटा त्या क्षणी मिळतीलच असं नाही, म्हणून एक-दोन दिवस आधी कॅशियरला सांगून ठेवलेलं बरं.

फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी परकीय चलन भरून घ्यायचं कार्ड, या दोन्ही देशांत चालत नाही. बँकेचं साधं डेबिट कार्ड बघा: काहींवर ‘फक्त भारत, नेपाळ आणि भूतानमध्ये वैध’ असं छापलेलं असतं. तसं असलं तरी बँकेच्या ॲपमधून परदेशातला वापर चालू करावा लागतो का, हे विचारून घ्या. एटीएमवर तिथल्या बँकेचं शुल्क वेगळं लागतं, म्हणून थोडे थोडे पैसे चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढा. क्यूआर पाहून यूपीआय करायचं तर ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आधी सुरू करा. ही सोय भूतानमध्ये २०२१ पासून, तर नेपाळमध्ये आणि श्रीलंकेत २०२४ पासून आहे. तरी रोख सोडू नका, डोंगरात नेटवर्क गेलं की क्यूआरचा उपयोग शून्य.

ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या. फक्त आधारवर अवलंबून राहू नका, विमानतळावर अडवले जाल. भूतानमध्ये भारतीय प्रौढाला रात्रीमागे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं, म्हणजे दोघांच्या पाच रात्रींचे १२,०००. हे बजेटमध्ये आधीच धरा. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टवाले बरेच, त्यांच्यासाठी एक सूचना: ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) या सवलती मिळत नाहीत. नेपाळला व्हिसा लागतो, भूतानचं शुल्क डॉलरमध्ये आणि बरंच जास्त. उरलेले ङुल्ट्रम आणि नेपाळी रुपये परत येताना तिथेच बदलून या, गोव्यात त्यांना कोणी विचारत नाही.

श्रीलंका: इथे अर्ज आणि कागद

श्रीलंकन रुपये गोव्यात शोधत बसू नका. इथून डॉलर न्यायचे आणि ते कोलंबोत बदलायचे. पात्रता सोपी आहे: फेमाच्या व्याख्येनुसार भारतात निवासी असलेली कोणतीही व्यक्ती, अल्पवयीनसुद्धा (अर्जावर पालकाची सही). एका आर्थिक वर्षात सगळं मिळून २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, आणि सहलीला ती कधीच आड येत नाही. आड येते रोखीची मर्यादा: एका प्रवासाला नोटांमध्ये ३,००० डॉलर. त्यापुढची रक्कम कार्डावर.

लागणारे कागद:
– पासपोर्ट (मूळ आणि प्रत)
– पॅन कार्ड. याशिवाय व्यवहार होत नाही
– कन्फर्म तिकीट
– ईटीए (श्रीलंकेचा ऑनलाइन प्रवास परवाना) किंवा व्हिसाची प्रत, लागू असेल तर
– ए-टू फॉर्म, म्हणजे परकीय चलनाचा अर्ज, जो काउंटरवरच मिळतो. त्यात या आर्थिक वर्षात आधी परदेशी पाठवलेल्या रकमाही लिहायच्या असतात

चलन प्रवासाआधीच्या ६० दिवसांत कधीही घेता येतं. प्रवास रद्द झाला तर ते परत करावं लागतं.

पैसे कसे भरता यालाही नियम आहे. एका प्रवासासाठीची एकूण रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली की रोख चालत नाही, खात्यातून चेक, कार्ड किंवा ट्रान्सफर. आज ४०,००० आणि परवा ४०,००० रोख, ही युक्ती लागू पडत नाही, कारण दोन्ही मिळूनच मोजलं जातं. खातं प्रवाशाच्याच नावाचं ठेवा. भावाच्या खात्यातून पैसे आले की काउंटरवर घोळ सुरू होतो.

दुकान निवडताना कळंगुट-बागा पट्ट्यातल्या पाट्यांना भुलू नका. त्यातल्या अनेकांचा परवाना फक्त पर्यटकांकडून परकीय चलन विकत घेण्यापुरता असतो, तुम्हाला डॉलर विकण्याचा नाही. रिझर्व्ह बँकेचा परवाना दर्शनी भागात लावलेला हवा. बिल द्यायला का-कू करणाऱ्याकडून नोटा घेऊ नका. बनावट निघाल्या तर तक्रार कुठे करणार? दाबोळी आणि मोपाच्या विमानतळावरचं काउंटर अडीअडचणीपुरतं ठेवा, तिथे खरेदी-विक्रीच्या दरातली दरी सहसा मोठी असते.

दर विचारू नका, हातात येणाऱ्या डॉलरचं एकूण बिल विचारा. समजा एक जण ९०.८० ने देतो आणि वेगळं शुल्क घेत नाही; दुसरा ९०.३० ने देतो, पण ३०० रुपये शुल्क. ५०० डॉलरला पहिल्याकडे ४५,४०० आणि दुसऱ्याकडे ४५,४५०, म्हणजे पहिला स्वस्त. १,५०० डॉलरला पहिल्याकडे १,३६,२०० आणि दुसऱ्याकडे १,३५,७५०. बाजू उलटली! यावर जीएसटी पूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाखापर्यंत रकमेच्या १ टक्क्यावर (किमान २५० रुपये धरून) १८ टक्के, म्हणजे ६०,००० च्या व्यवहारावर १०८ रुपये. कोणी याहून जास्त लावत असेल तर हिशोब मागा. आर्थिक वर्षातली एकूण रक्कम १० लाखांच्या आत असेल तर डॉलर घेताना टीसीएस (विक्रेत्याने जागेवरच वसूल करायचा आयकर) कापला जात नाही.

नोटा कोऱ्या, न फाटलेल्या, शाई वा शिक्का नसलेल्या मागा. मळक्या डॉलरला कोलंबोत कमी दर मिळतो किंवा नकारच. तिथे विमानतळावर बँकांची काउंटरं शेजारी शेजारी आहेत, दोन-तीन ठिकाणचे फलक वाचून मगच बदला. पावती सांभाळा, उरलेले श्रीलंकन रुपये परत डॉलरमध्ये बदलताना ती मागतात. डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड तिथे घासलं की क्रॉस-करन्सी शुल्क (डॉलरचं दुसऱ्या चलनात रूपांतर करण्याचं) लागू शकतं, ते घेतानाच विचारा. आणि मशीनने ‘भारतीय रुपयांत भरायचं का?’ असा पर्याय दिला तर नाही म्हणा. तो दर मशीनवाला ठरवतो.

परत आल्यावर उरलेलं परकीय चलन १८० दिवसांत जमा करायचं असतं, २,००० डॉलरपर्यंत मात्र ठेवून घेता येतात.