वीस रुपयांच्या सुडोकूमागची गोष्ट

सोलापूर स्टेशनबाहेर वीस रुपयांना घेतलेलं सुडोकूचं पुस्तक. कुर्डुवाडी यायच्या आतच ‘अतिकठीण’ कोड्यात अडकलो. चार घरांत ४ आणि ७ अदलून-बदलून कसेही बसत होते. शेवटी छापलेले आकडे मोजले, तर सोळाच! २०१२ साली आयर्लंडमधले गणिती गॅरी मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी संगणकावर तपासून दाखवलं, की सतरापेक्षा कमी आकडे दिले तर एकच एक उत्तर मिळूच शकत नाही. चूक माझी नव्हती तर.

कोड्यांचं वेड मात्र सुडोकूच्या बरंच आधीचं. आर्थर विन यांचं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आलं. १९२४ मध्ये तिथे शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक निघालं, सोबत पेन्सिल जोडून. आपल्याकडे बक्षिसांच्या लोभानं कोडी एवढी फोफावली की १९५५ च्या कायद्यानं महिन्याच्या बक्षिसांना एक हजार रुपयांची मर्यादा घालावी लागली. शब्दकोडे स्पर्धा भरवणाऱ्या आरएमडीसी या कंपनीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९५७ मध्ये न्यायालयानं जुगाराला व्यापार म्हणून संरक्षण नाकारलं.

मराठी शब्दकोडं रचायला मात्र माणूसच लागतो. एका घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसवायचं, जोडाक्षरही एकाच घरात, आणि ते आडवं-उभं दोन्हीकडून जुळायला हवं. एवढी मेहनत वीस रुपयांत कोण करणार? म्हणून स्वस्त पुस्तकांत तीच कोडी मुखपृष्ठ बदलून परत येतात. शिवाय आमच्या गल्लीत घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारे पुष्कळ; शब्दकोड्यातल्या पुणेरी वळणाच्या सूचनेवर ते हसतात आणि पुढे जातात.

सुडोकूला भाषाच नाही. अमेरिकेतले हॉवर्ड गार्न्स यांचं हे कोडं १९७९ मध्ये छापलं गेलं, जपानमध्ये १९८४ ला पोचलं आणि तिथेच त्याला आजचं नाव मिळालं. हाँगकाँगचे निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांनी अशी कोडी तयार करणारा प्रोग्राम लिहिला, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’नं ती छापायला घेतली. मशीनच कोडी पाडू लागल्यावर महाग काय उरलं? फक्त कागद. तोही इतका पातळ की दोनदा खोडलं की भोक पडतं. पण त्याचं एक सुख आहे. पुस्तकाचा धाकच नाही, बिनधास्त पेन चालवायचं, डाग पडला तर पान उलटायचं.

दौंडला उत्तराचं पान काढलं. त्यांचं उत्तर वेगळं, माझं वेगळं. दोन्ही बरोबर.