कंपवातातील मेंदूची जोडणी आणि लक्षणांची विविधता

कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्सचा आजार, हा मेंदूतील चेतापेशींचा हळूहळू ऱ्हास करणारा विकार असून तो प्रत्येक व्यक्तीत निराळ्या रूपाने दिसतो. एखाद्याचा हात स्वस्थ बसलेला असताना थरथरतो, पण त्याची चाल वर्षानुवर्षे चांगली राहते. दुसऱ्याला कंप मुळीच नसतो. मात्र हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात आणि पाऊल दारातच थिजते. तिसऱ्याच्या बाबतीत हालचाल बिघडण्याच्या कित्येक वर्षे आधी वास येईनासा होतो, बद्धकोष्ठता जडते किंवा तो झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडू लागतो. मेंदूचे दूरदूरचे भाग ज्या जाळ्यांनी परस्परांशी बांधलेले असतात, त्यांपैकी कोणते जाळे आधी आणि किती बिघडले, यावरून या विविधतेचा बराच उलगडा होतो.

इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजाराचे वर्णन केले. मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागातील पेशी डोपामीन हे रसायन तयार करतात आणि ते मेंदूच्या खोल भागातील स्ट्रायटमला पुरवतात. रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये या रसायनाची तीव्र कमतरता असल्याचे 1960 मध्ये दिसून आले. मेंदूत जाऊन डोपामीन बनणाऱ्या लेव्होडोपा या औषधाचा पाया हाच आहे. मात्र गोळीने ताठरता आणि मंदता ओसरली, तरी कंप तसाच राहिला, असा अनुभव अनेक रुग्ण सांगतात. केवळ डोपामीनच्या कमतरतेवर बोट ठेवल्याने त्याचे स्पष्टीकरण मिळत नाही.

अलेक्झांडर, डीलाँग आणि स्ट्रिक या संशोधकांनी 1986 मध्ये असे मांडले की, मेंदूचे बाह्यपटल (वरचा थर), बेसल गँगलिया (स्ट्रायटमसह खोलवरच्या केंद्रांचा समूह) आणि थॅलॅमस (संदेश पुढे पोचवणारे केंद्र) यांच्यामधून चेतापेशींच्या जोडण्यांची अनेक समांतर वर्तुळे जातात. त्यांतील एक हालचालीचे, एक नियोजनाचे, तर एक प्रेरणा व भावनांचे असते. कंपवातात डोपामीनचा ऱ्हास सहसा स्ट्रायटममधील पुटामेन या केंद्राच्या मागच्या भागापासून सुरू होतो, आणि सवयीने, लक्ष न देता होणाऱ्या हालचाली याच भागावर अवलंबून असतात. विश्रांत अवस्थेत घेतलेल्या एफएमआरआय (मेंदूचे कोणते भाग एकत्र काम करतात हे दाखवणाऱ्या) चित्रणात मागच्या पुटामेनची हालचालीच्या बाह्यपटलाशी असलेली जोडणी क्षीण झालेली, तर पुढच्या भागाची जोडणी वाढलेली आढळली आहे. म्हणजे जे काम आपोआप होत असे, ते आता लक्ष देऊन करावे लागते. चालता चालता कोणी बोलायला लागले की पाऊल अडखळते, ते यामुळेच. जी वर्तुळे अजून शाबूत आहेत, त्यांना मात्र औषधाची तीच मात्रा जास्त होऊ शकते. काही रुग्णांना, विशेषतः डोपामीनसारखे काम करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना, जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागतो, त्याचे एक कारण हे मानले जाते. घरच्यांनी तो स्वभावदोष समजू नये, डॉक्टरांना सांगावा.

कंपाचे जाळे वेगळे आहे. सेकंदाला 4 ते 6 वेळा होणारा हा कंप बेसल गँगलियामधून सुरू होतो, पण त्याचा जोर लहान मेंदू, थॅलॅमस आणि बाह्यपटल यांच्या वर्तुळात ठरतो, असे एक प्रबळ मत आहे. उलट, बेसल गँगलियातीलच सबथॅलॅमिक केंद्रातील 13 ते 30 हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या वेळा होणाऱ्या) विद्युत लहरींचा अतिरेक मंदता आणि ताठरतेशी निगडित आहे, कंपाशी त्याचा संबंध तेवढा दिसत नाही.

पाऊल थिजण्याची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. सपाट फरशीवर खिळून राहणारी व्यक्ती जिना मात्र सहज चढते. पायऱ्या डोळ्यांना दिसत असल्याने हालचालीला बाहेरून खूण मिळते, आणि दृष्टी, पार्श्विक बाह्यपटल व लहान मेंदू यांच्या मार्गाने पाऊल उचलले जाते. बिघडलेल्या वर्तुळावर त्याचा भार पडत नाही. मूळच्या पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी आपल्या नातेवाइकाच्या बाबतीत हेच पाहिले आणि घरातील सपाट जमिनीवर पायऱ्यांचा आभास निर्माण करणारे चित्र अंथरले. त्यावरून ते अडखळल्याशिवाय चालू शकले. तालातूनही अशीच खूण मिळते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा स्वमदतगट आहे, आणि नर्तक हृषीकेश पवार यांनी येथील शुभार्थींसाठी, म्हणजे रुग्णांसाठी, नृत्यवर्ग चालवले आहेत. अशा वर्गांकडे केवळ विरंगुळा म्हणून पाहणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. शुभंकरांनीही, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनीही, घरात जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवणे किंवा चालताना मोठ्याने आकडे म्हणणे जरूर करून पाहावे.

हालचालीपलीकडची लक्षणे डोपामीनबरोबर इतर रसायनांशीही जोडलेली आहेत. संशोधक ब्राक आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडलेल्या टप्प्यांनुसार अल्फा-सिन्यूक्लिन प्रथिनाच्या गुठळ्या मेंदूच्या बुंध्यात आधी दिसतात आणि नंतर वर चढत जातात. नॉरअॅड्रेनालिन व सेरोटोनिन या रसायनांची केंद्रे याच बुंध्यात असल्याने नैराश्य आणि चिंता पुष्कळदा कंपाच्या आधीच येतात. सर्वच रुग्णांत हा क्रम आढळत नाही. भास होणाऱ्या रुग्णांत दृष्टी आणि अवधान यांच्या जाळ्यांतील ताळमेळ बिघडलेला दिसतो.

जोडणीची ही चित्रे प्रामुख्याने रुग्णगटांच्या सरासरीतून मिळालेली आहेत. डोके थोडे हलले किंवा गोळीचा असर चढ-उतारात असला, तरी चित्र बदलते. म्हणून निदान आजही तपासणीच्या खोलीतच, चाल, ताठरता आणि बोटांची उघडझाप पाहून होते. एका रुग्णाच्या एफएमआरआयवरून उपचार ठरवणे योग्य नाही. मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड (विजेची तार) बसवून सौम्य विद्युत स्पंदने देण्याच्या डीप ब्रेन स्टिम्युलेशन या शस्त्रक्रियेत मात्र जोडणीचा अभ्यास उपयोगी पडू लागला आहे. इलेक्ट्रोड बाह्यपटलाच्या कोणत्या भागाशी जोडलेल्या ठिकाणी बसला, यावरून किती सुधारणा होईल याचा काहीसा अंदाज बांधता येतो, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले आहे.