आखाजीचा डाव आणि ब्लफचे गणित

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात लेकी-सुना झोक्यावर गाणी म्हणत असतात, तेव्हा पारावर आणि ओट्यांवर पुरुषमंडळींचे पत्त्यांचे डाव रंगलेले असतात. सलग काही डाव हरलेला गडी तेथे जागा बदलून बसतो, कॅट बदलायला लावतो, नाहीतर पाने वाटणाऱ्याच्या हाताला दोष देतो. ‘आता तरी पान लागायलाच पाहिजे’ ही समजूत त्यामागे असते. पत्ते नीट पिसलेले असतील, तर मागच्या डावांचा पुढच्या डावावर काडीचाही परिणाम होत नाही. त्यामुळे जागा बदलण्याचा हा तोडगा म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा आहे, असे मी स्पष्टच म्हणेन.

तीन पत्तीप्रमाणेच पोकरमध्येही पानांइतकीच माणसांशी गाठ असते. त्याच्या टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन बंद पाने मिळतात आणि मध्ये सर्वांसाठी पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात. एकाकडे दोन एक्के आणि दुसऱ्याकडे दोन बादशहा असतील, तर पाचही पाने उघडल्यावर एक्के साधारण ८२ टक्के वेळा जिंकतात. उरलेल्या सुमारे १८ टक्के वेळा एक्केवाला हरतो, यात नशीब रुसण्यासारखे काही नाही. शिवाय पुढे असूनही हरण्याची वेळ जो पुढे होता त्याच्यावरच येते. म्हणून चांगल्या खेळाडूला आपणच फार दुर्दैवी आहोत असे वाटत राहते. त्याने तपासायचे ते एवढेच, की पैसे लावले त्या क्षणी आपली बाजू वरचढ होती का.

मला या खेळात सर्वांत मोह पडतो तो ब्लफचा, म्हणजे हलकी पाने असताना भारी असल्यासारखी चाल लावण्याचा. तो म्हणजे छातीठोक खोटेपणा किंवा चेहरा दगडासारखा ठेवण्याची कला, असा समज आहे. पण तो किती वेळा करावा याचे गणित मांडता येते. समजा, मध्ये १०० रुपये आहेत, सगळी पाने उघडली आहेत आणि तुम्ही आणखी १०० लावता. समोरच्याने १०० भरले, तर तुमचा ब्लफ असल्यास तो २०० कमावतो आणि तुमची पाने खरी असल्यास १०० गमावतो. तुमच्या अशा चालींपैकी बरोबर एक तृतीयांश ब्लफ असतील, तर त्याने भरले काय आणि पाने टाकून डाव सोडला काय, त्याचा सरासरी हिशेब सारखाच राहतो. तुम्ही याहून जास्त ब्लफ केलात, तर तो दर वेळी पैसे भरून तुम्हाला पकडेल. कमी केलात, तर दर वेळी पाने टाकेल आणि तुमच्या भारी पानांना कोणी पैसेच देणार नाही. चाल १०० ऐवजी ५० ची असेल, तर ब्लफचा हिस्सा एक चतुर्थांशावर येतो. उलट बाजूने पाहिले, तर १०० च्या चालीला समोरच्याने निम्म्या वेळा भरले पाहिजे, नाहीतर तुमचा प्रत्येक ब्लफ फायद्याचा ठरेल. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये अशा खेळांचा पायाभूत सिद्धांत मांडला. त्यांच्या पोकरच्या सोप्या प्रतिकृतीतून निघालेला एक निष्कर्ष मला फार आवडतो: ब्लफ करावा तो सर्वांत वाईट पानांवर, मध्यम पानांवर नव्हे, कारण मध्यम पाने चाल न वाढवताही कधीकधी जिंकतात. २०१७ मध्ये लिब्रेटस या संगणक प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना हरवले, तेही कोणाचा चेहरा न पाहता.

टेबलावरचे शिष्टाचारही याच हिशेबाशी बांधलेले आहेत. पाळी येण्याआधी पाने टाकू नयेत, कारण आता एक गडी कमी झाला हे मधल्या खेळाडूला फुकट कळते. एकदाच बोलून पूर्ण रक्कम लावावी. थोडी पुढे सरकवून समोरच्याचा चेहरा पाहायचा आणि मग आणखी टाकायची, हे चालत नाही. टाकलेली पाने कोणती होती, हे डाव संपेपर्यंत बोलू नये, हा नियम तर सर्वांत जास्त मोडला जातो. एखाद्याकडे दोन बदाम आहेत, मध्ये उघडलेल्या चार पानांत दोन बदाम आहेत आणि पाच बदाम जुळण्यासाठी शेवटचे पान बदामाचे यावे असे त्याला वाटते. त्याला न दिसलेल्या ४६ पानांत ९ बदाम आहेत, म्हणजे शक्यता सुमारे १९.६ टक्के. तेवढ्यात शेजारचा ‘अरे, मी दोन बदाम टाकले’ असे पुटपुटला, तर उरतात ४४ पाने आणि ७ बदाम, म्हणजे सुमारे १५.९ टक्के. पैसे भरायचे की नाही हा निर्णय एवढ्या फरकाने उलटू शकतो, आणि तो उलटवणारा माणूस त्या डावात उरलेलाही नसतो.