जकात खात्याचा डॉक्टर आणि हत्तीरोगाचा डास

अफूच्या पहिल्या युद्धानंतर १८४२ साली नानकिंगचा तह झाला आणि अमॉय, शांघायसह पाच चिनी बंदरं ब्रिटिश व्यापाऱ्यांना खुली झाली. तोफांपेक्षा खोलवर शिरलं ते जकात खातं. तिजोरी चिनी सम्राटाची, पण १८६३पासून खात्याचा प्रमुख रॉबर्ट हार्ट आणि वरचे बरेचसे अधिकारी ब्रिटिश. या खात्यानं किनाऱ्यावर दीपगृहं उभारली, शिवाय १८७१पासून बंदरांवरच्या डॉक्टरांचे सहामाही अहवाल छापले.

अमॉयचा डॉक्टर होता पॅट्रिक मॅन्सन. हत्तीरोगाच्या कृमींची पिल्लं माणसाच्या रक्तात दिसतात, पण तिथे ती वाढत नाहीत. मग वाढतात कुठे? त्याचा संशय डासावर होता. १८७७ साली त्यानं हिन-लो या आपल्या माळ्याला, ज्याच्या रक्तात ही पिल्लं होती, डासांसाठी बांधलेल्या खोलीत झोपवलं. शेजारी दिवा ठेवला, दार अर्धा तास उघडं ठेवून मग लावून घेतलं. सकाळी भिंतींवर बसलेले, रक्त पिऊन फुगलेले डास तंबाखूच्या धुरानं गुंगवून बाटल्यांत भरले आणि रोज काही फाडून पाहिले. पोटात पिल्लं कात टाकत होती, तिथून छातीच्या स्नायूंत जाऊन वाढत होती. डासाच्या शरीरात माणसाचा रोगकृमी वाढताना प्रथमच दिसला.

गडबड झाली ती पुढे. त्याचे डास चार-पाच दिवसांतच मरत, आणि पिल्लांची पूर्ण वाढ व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्यामुळे शेवटचा टप्पा त्याला दिसलाच नाही. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला लागण होते, असं त्यानं मानलं. ऑस्ट्रेलियात थॉमस बँक्रॉफ्टनं डासांना केळी खाऊ घालून जास्त दिवस जगवलं. असे जगवलेले डास लंडनला गेले आणि १९०० साली जॉर्ज लो या डॉक्टरला डासाच्या सोंडेत ही कृमींची पिल्लं सापडली. म्हणजे लागण चाव्यातून होते.

मॅन्सनचा दुसरा शोध मात्र पक्का ठरला. सहाय्यकांकडून दिवसरात्र रक्त तपासून घेतल्यावर कळलं, की पिल्लं संध्याकाळनंतर रक्तात येतात, मध्यरात्री सर्वांत जास्त असतात आणि दिवसा जवळजवळ नाहीशी होतात. विदर्भात हत्तीरोगाच्या तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी रात्री रक्ताचे नमुने घेतात, ते याचमुळे.

नाव मॅन्सनचं झालं, पण रक्त हिन-लोचं आणि अमॉयच्या रुग्णांचं होतं, हे विसरता कामा नये. चिनी विद्यार्थ्यांना पाश्चात्त्य वैद्यक शिकवणारं कॉलेज हाँगकाँगला १८८७ साली निघालं. त्याचा पहिला डीन मॅन्सन. १८९२ साली तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडलेला सुन यत-सेन पुढे छिंग साम्राज्य उलथवणाऱ्या क्रांतीचा नेता झाला. १८९६ साली चिनी वकिलातीनं त्याला लंडनमध्ये डांबलं, तेव्हा सोडवायला धावले ते त्याचे शिक्षक जेम्स कँटली आणि मॅन्सन.